पत्र ठेवून गेलेला रुग्ण आणि बर्लिनचा डॉक्टर

दुसऱ्या दिवशी लग्न होते. नवरा मुलगा जर्मन लष्करातला तरुण अधिकारी. घरच्यांच्या आग्रहापुढे त्याने मान तुकवली होती, पण आपल्याला ओढ वाटते ती पुरुषांची, हे आईवडिलांना सांगण्याचे धैर्य त्याला झाले नव्हते. लग्नाच्या आदल्या रात्री त्याने जीव दिला. जाण्यापूर्वी त्याने पत्र लिहिले ते आईवडिलांना नव्हे, होणाऱ्या बायकोलाही नव्हे, तर आपल्या डॉक्टरला. आपली कहाणी डॉक्टरांनी जगापुढे मांडावी, म्हणजे पुढच्यांच्या वाट्याला हे येणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. गोष्ट १८९६ सालच्या सुमाराची. डॉक्टरांचे नाव मॅग्नस हिर्शफेल्ड, वय अवघे अठ्ठावीसच्या आसपास.

या सदरात आपण मधुमेह, डेंग्यू, रक्तदाब यांवर बोलतो. मग ही कायद्याची आणि लग्नाची गोष्ट इथे कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण समलिंगी आकर्षण हा गुन्हा, हा आजार, की माणसाच्या घडणीतलाच एक प्रकार, या वादात गेली सव्वाशे वर्षे डॉक्टर मंडळी मधोमध उभी आहेत. त्यांनी या माणसांना तुरुंगातून सोडवण्यासाठी साक्षी दिल्या आणि त्यांनीच विजेचे झटके व हॉर्मोनची इंजेक्शनेही दिली. या सगळ्याची सुरुवात ज्या एका डॉक्टरपाशी पोहोचते तो हिर्शफेल्ड. शिवाय असे लग्न ठरलेले, झोप उडालेले, पोटदुखीची तक्रार घेऊन आलेले तरुण सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत आजही येतात. पोटाची सोनोग्राफी नॉर्मल असते.

हिर्शफेल्ड यांचा जन्म १४ मे १८६८चा, बाल्टिक समुद्राकाठच्या कोलबर्ग गावातला. ते गाव तेव्हा प्रशियात होते, आज पोलंडमध्ये आहे. वडील गावातले मान्यवर ज्यू डॉक्टर. मॅग्नस यांनी आधी भाषाशास्त्र शिकायला घेतले, ते सोडून वैद्यकाकडे वळले आणि तेव्हाच्या जर्मन रिवाजाप्रमाणे स्ट्रासबर्ग, म्युनिक, हायडेलबर्ग, बर्लिन अशी विद्यापीठे बदलत १८९२मध्ये डॉक्टर झाले. त्यांचा प्रबंध होता इन्फ्लुएंझानंतर मज्जासंस्थेला होणाऱ्या विकारांवर. दोन-तीन वर्षांपूर्वीच युरोपात इन्फ्लुएंझाची मोठी साथ येऊन गेली होती. कोविडनंतरच्या तक्रारी पाहिलेल्या आपल्या पिढीला हा विषय काही परका वाटू नये. पुढे काही महिने अमेरिकेत भटकंती, मग माग्डेबर्ग येथे निसर्गोपचाराचा दवाखाना आणि १८९६पासून बर्लिनला लागून असलेल्या शार्लोटेनबर्गमध्ये प्रॅक्टिस. एका सर्वसाधारण, बऱ्यापैकी चालणाऱ्या डॉक्टरचा हा प्रवास. रुग्णाच्या त्या पत्राने त्याला वेगळे वळण दिले. आणखी एक कारण होते, ज्याविषयी ते जाहीरपणे कधी बोलले नाहीत. ते स्वतः समलिंगी होते.

जर्मन दंडसंहितेत तेव्हा १७५ क्रमांकाचे कलम होते. पुरुषा-पुरुषांतल्या शरीरसंबंधांना तुरुंगवास. स्त्रियांचा त्यात उल्लेख नव्हता. गंमत अशी की फ्रान्सने असा गुन्हा राज्यक्रांतीच्या काळातच, १७९१मध्ये कायद्यातून काढला होता, आणि त्याच्या प्रभावाने बव्हेरियासारख्या जर्मन राज्यांतही तो उरला नव्हता. १८७१मध्ये जर्मनी एक झाला तेव्हा प्रशियाचा कडक कायदा सगळ्यांना लागू झाला. म्हणजे म्युनिकमधला जो माणूस काल गुन्हेगार नव्हता, तो आज झाला. आपल्याकडचे ३७७ कलम याच्याही दहा वर्षे आधीचे, १८६०च्या भारतीय दंडसंहितेतले, इंग्रजांनी घातलेले. दोन्ही कायद्यांमागची नैतिक समजूत एकच होती.

या कायद्याने तुरुंगात किती गेले यापेक्षा त्याच्या धाकाने काय झाले हे हिर्शफेल्ड यांना जास्त दिसत होते, कारण ते दवाखान्यात बसत होते. खंडणी हा बर्लिनमध्ये धंदाच झाला होता. एखाद्या बऱ्या घरच्या पुरुषाला गाठायचे, संबंध ठेवायचे आणि मग पोलिसांची भीती घालून वर्षानुवर्षे पैसे उकळायचे. तक्रार करावी तर स्वतःच आरोपी. पैसे संपले की माणूस एकतर परदेशी पळे किंवा जीव देई.

हिर्शफेल्ड यांनी १८९६मध्ये टोपणनावाने एक छोटी पुस्तिका लिहिली. दुसऱ्या वर्षी, १५ मे १८९७ला, त्यांच्या घरी चार माणसे जमली. एक प्रकाशक, एक रेल्वेतला अधिकारी, एक निवृत्त लष्करी अधिकारी आणि स्वतः ते. त्यातून वैज्ञानिक-मानवतावादी समिती स्थापन झाली. समलिंगी माणसांच्या हक्कांसाठी उभी राहिलेली जगातली ही पहिली संघटना मानली जाते. न्यायाकडे जाणारा रस्ता विज्ञानातून जातो, असा या समितीचा विश्वास होता. या विश्वासाकडे पुढे परत येऊ, कारण त्यातच हिर्शफेल्ड यांचे बळ होते आणि अडचणही.

समितीने १७५ कलम रद्द करण्यासाठी संसदेला अर्ज केला आणि त्यावर नामवंतांच्या सह्या घेतल्या. समाजवादी नेते ऑगस्ट बेबेल यांनी जानेवारी १८९८मध्ये हा विषय जर्मन संसदेत मांडला. कोणत्याही संसदेत या विषयावर एवढे उघड बोलले जाण्याची ही पहिलीच वेळ असावी. सभागृहात आरडाओरडा झाला, अर्ज फेटाळला गेला. पण सह्यांचे काम थांबले नाही. पुढच्या तीस वर्षांत आइनस्टाइन, थॉमस मान, हेर्मान हेसे, रिल्के, चित्रकार केटे कोलवित्झ अशा हजारो लोकांनी त्या अर्जावर नाव घातले. मनोविकारांच्या ज्या ग्रंथाने समलिंगी आकर्षणाला विकृतींच्या यादीत बसवले, त्याचे लेखक क्राफ्ट-एबिंग यांनीही सही केली. एका डॉक्टरने आपले मत बदलले हे मला त्या सगळ्या सह्यांमध्ये विशेष वाटते.

आता त्यांच्या विज्ञानाबद्दल. हिर्शफेल्ड यांचे म्हणणे असे की शंभर टक्के पुरुष आणि शंभर टक्के स्त्री ही दोन टोके फक्त कल्पनेत आहेत. जननेंद्रिये, शरीराची इतर ठेवण, लैंगिक ओढ आणि मनाचा स्वभाव अशा चार पातळ्यांवर प्रत्येक माणसात दोन्हींचे कमी-अधिक मिश्रण असते. या चार पातळ्यांचे आणखी बारीक भाग पाडून त्यांनी गणित मांडले आणि माणसांचे ४,३०,४६,७२१ प्रकार संभवतात असे सांगितले. ज्यांना गणिताची आवड आहे त्यांनी तीनचा सोळावा घात करून पाहावा. आकडा जरा गमतीशीर आहे, पण त्यामागचा विचार तेव्हाच्या वैद्यकाच्या फार पुढचा होता. शरीराचे लिंग, आकर्षणाची दिशा आणि आपण कोण आहोत ही आतली जाणीव या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आजही आपल्याकडे अनेक सुशिक्षितांना, आणि खरे सांगायचे तर अनेक डॉक्टरांनाही, नीट उमगलेले नसते. समलिंगी पुरुष म्हणजे बायकी पुरुष किंवा तृतीयपंथी, अशी सरमिसळ सर्रास होते.

एक मोजमाप मात्र त्यांनी पद्धतशीर केले. अशी माणसे समाजात किती, हे कोणालाच ठाऊक नव्हते. १९०३-०४मध्ये त्यांनी शार्लोटेनबर्गच्या तंत्रशाळेतल्या सुमारे तीन हजार विद्यार्थ्यांना आणि नंतर बर्लिनच्या पाच हजारांहून जास्त धातुकामगारांना पत्रे पाठवली. तुमची ओढ स्त्रियांकडे, पुरुषांकडे की दोघांकडे, एवढाच प्रश्न. नाव लिहायचे नाही, फक्त खूण करायची. आलेल्या उत्तरांवरून केवळ समलिंगी ओढ असलेल्यांचे प्रमाण त्यांनी दोन टक्क्यांच्या थोडे वर काढले. नमुना सदोष होता, उत्तर न देणारे बरेच होते; तरी आजच्या अनेक सर्वेक्षणांतले आकडे याच्या फार लांब नाहीत. काही विद्यार्थ्यांना मात्र हा प्रश्न अपमानास्पद वाटला. त्यांनी खटला भरला आणि न्यायालयाने हिर्शफेल्ड यांना २०० मार्क दंड ठोठावला.

हा दंडाचा प्रसंग वाचताना मराठी माणसाला र. धों. कर्वे आठवल्याशिवाय राहत नाहीत. १९२७पासून कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत होते. त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना ते सरळ, शास्त्रीय उत्तरे देत, समलिंगी संबंधांविषयीच्याही. त्यावरून १९३४मध्ये मुंबईत त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांचे वकीलपत्र घेतले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. लैंगिक शंका विचारणाऱ्याला शास्त्रीय उत्तर देणे ही अश्लीलता कशी होईल, असा बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. दोन देश, तीस वर्षांचे अंतर, आकडा तोच.

हिर्शफेल्ड यांच्या आयुष्यातले सर्वांत अवघड प्रकरण १९०७चे. कैसरच्या जवळच्या वर्तुळातले सरदार समलिंगी आहेत असे हार्डेन नावाच्या पत्रकाराने सूचित केले. त्यांपैकी बर्लिनचे लष्करी अधिकारी फॉन मोल्टके यांनी बदनामीचा खटला भरला. हिर्शफेल्ड तज्ज्ञ म्हणून साक्षीला उभे राहिले आणि मोल्टके यांच्या स्वभावात समलिंगी कल आहे, त्यांना स्वतःला त्याची जाणीव नसली तरी, असे मत दिले. त्यांनी मोल्टके यांना तपासलेले नव्हते. घटस्फोटित पत्नीची साक्ष आणि न्यायालयात दिसलेला माणूस एवढ्यावर हे निदान. अशा उच्चपदस्थांचे नाव पुढे आले की कायदा हास्यास्पद ठरेल, असा त्यांचा हिशेब असावा. घडले उलटेच. निकाल रद्द होऊन खटला पुन्हा चालला, हिर्शफेल्ड यांना मत मागे घ्यावे लागले, वृत्तपत्रांनी त्यांच्या ज्यू असण्यासकट सगळे काढले आणि घाबरलेल्या देणगीदारांनी समितीकडे पाठ फिरवली. तपासल्याशिवाय निदान नाही आणि रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची खासगी गोष्ट चव्हाट्यावर नाही, हे वैद्यकाचे दोन जुने नियम आहेत. उद्दिष्ट कितीही चांगले असो, हिर्शफेल्ड यांनी ते दोन्ही मोडले असे माझे मत आहे.

त्यानंतर ते पुन्हा दवाखान्याकडे आणि लेखनाकडे वळले. जन्मतः पुरुष ठरवलेली पण स्त्रीवेशातच स्वस्थ वाटणारी, किंवा याच्या उलट, अशी माणसे समलिंगी असतीलच असे नाही, हे त्यांनी १९१०च्या ग्रंथात दाखवले. अशा माणसांना रस्त्यात पोलीस पकडत. हिर्शफेल्ड आणि त्यांचे सहकारी वैद्यकीय प्रमाणपत्र देत आणि त्याच्या आधारावर बर्लिनचे पोलीस तसा पेहराव करण्याचा दाखला देऊ लागले. कागदाचा एक तुकडा, पण तो खिशात असला की माणूस दिवसाढवळ्या बाजारात जाऊ शकत असे. आपल्याकडे २०१४च्या नाल्सा निकालानंतर मिळू लागलेल्या तृतीयपंथी ओळखपत्रांचे मोल ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना हे समजेल. १९१४मध्ये पुरुष व स्त्रियांमधल्या समलिंगी आकर्षणावर त्यांचा हजार पानांहून मोठा ग्रंथ आला. मग महायुद्ध सुरू झाले आणि त्यांनी लष्करी रुग्णालयात काम केले.

युद्ध हरलेल्या जर्मनीत कैसर गेला, प्रजासत्ताक आले आणि हिर्शफेल्ड यांना मोकळी हवा मिळाली. १९१९ साली त्यांनी दोन गोष्टी केल्या. रिचर्ड ओस्वाल्ड या दिग्दर्शकाबरोबर एक मूकपट लिहिला, खंडणीखोराच्या जाचाने मरण पत्करणाऱ्या व्हायोलिनवादकाचा. त्यात डॉक्टरची भूमिका ते स्वतःच करतात. बहुधा त्या पत्र लिहिणाऱ्या रुग्णाला दिलेले हे आणखी एक उत्तर. पुढच्याच वर्षी या चित्रपटावर बंदी आली. दुसरी गोष्ट म्हणजे ६ जुलै १९१९ला बर्लिनच्या टिअरगार्टन भागात सुरू झालेली लैंगिक विज्ञान संस्था. व्हायोलिनवादक योआखिम यांची जुनी हवेली विकत घेऊन तिथे दवाखाना, ग्रंथालय, संग्रहालय आणि सभागृह थाटले.

नावावरून वाटेल तसे तिथे केवळ समलिंगी रुग्ण येत नसत. गुप्तरोगांवर उपचार, संततिनियमनाचा सल्ला, लग्नाआधीचे व नंतरचे समुपदेशन, नपुंसकतेच्या तक्रारी, सगळे एका छताखाली, गरिबांना फुकट. आज आमच्या शासकीय रुग्णालयांत त्वचा-गुप्तरोग, स्त्रीरोग, मनोविकार आणि समुपदेशन यांच्या चार खिडक्या चार मजल्यांवर असतात, म्हणून मला या रचनेचा जरा हेवा वाटतो. संध्याकाळी प्रश्नोत्तरांची सभा भरे. लाजणाऱ्यांसाठी एक पेटी ठेवलेली असे, तिच्यात नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची आणि डॉक्टर सगळ्यांसमोर उत्तर देत. लिंगबदलाच्या जगातल्या सुरुवातीच्या काही शस्त्रक्रियाही याच संस्थेशी संबंधित शल्यचिकित्सकांनी केल्या.

पण या माणसाला संत करून टाकण्याचे कारण नाही. व्हिएन्नाचे शरीरशास्त्रज्ञ स्टाइनाख यांनी प्राण्यांच्या वृषणांचे रोपण करून लैंगिक वर्तन बदलते असे दाखवले, तेव्हा हिर्शफेल्ड भारावून गेले. समलिंगी पुरुषांमध्ये दुसऱ्या पुरुषाच्या वृषणाचा तुकडा बसवण्याच्या ज्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यांसाठी त्यांनीही काही रुग्ण पाठवले. परक्या शरीराचा तुकडा टिकण्याचे कारणच नव्हते. आकर्षण तर तसूभरही बदलले नाही. संस्थेच्या नावाशी जोडलेल्या पुरुषत्वाच्या गोळ्याही बाजारात विकल्या जात. आणि त्या पिढीतल्या बहुतेक डॉक्टरांप्रमाणे चांगल्या वंशाची पैदास या विचाराचे त्यांनाही आकर्षण होते. १९१३मध्ये स्थापन झालेल्या ज्या वैद्यकीय मंडळाचे ते संस्थापक होते, त्याच्या नावातच तो शब्द होता. हाच विचार पुढे कोणत्या थराला गेला हे आपण जाणतो.

अडचण मुळात होती ती त्या विश्वासात. ही ओढ जन्मजात आहे हे सिद्ध झाले की कायदा आपोआप गळून पडेल, असे त्यांना वाटे. पण जन्मजात म्हटले की दुसरा लगेच विचारतो, मग दुरुस्त करता येईल का? समितीबाहेरच्या काही समलिंगी लेखकांनीही त्यांना हेच सुनावले होते की आमचा हक्क तुमच्या हॉर्मोनवर अवलंबून का असावा. २०१९मध्ये सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. समलिंगी वर्तनाचे एकच एक जनुक नाही, अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा आहे आणि बाकीच्या कारणांचाही, असे त्यातून दिसले. म्हणजे शंभर वर्षांनंतरही हिर्शफेल्ड यांना हवे होते तसे साधे उत्तर विज्ञानाकडे नाही. त्यावाचून हक्कांचे काही अडलेले नाही.

त्यांच्या उपचारपद्धतीत एक गोष्ट मात्र आजही टिकून आहे. रुग्णाला बदलण्यापेक्षा त्याला स्वतःशी जुळवून घ्यायला शिकवणे, त्याच्यासारख्या इतरांची गाठ घालून देणे, एकटेपण कमी करणे, यावर त्यांचा भर होता. जागतिक आरोग्य संघटनेने समलिंगी आकर्षण आजारांच्या यादीतून १९९०मध्ये काढले. भारतीय मानसोपचार संघटनेने २०१८मध्ये हा आजार नाही हे स्पष्ट केले, आणि अशी ओढ बदलून देतो म्हणणारी कथित उपचारपद्धती हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये सर्व राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले. म्हणून पालकांना सांगणे एवढेच की मुलाला किंवा मुलीला 'ठीक' करून देण्याचे पैसे कोणी मागत असेल, तर तिथून उठून यावे. मन फारच खचले असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

वाढत्या प्रसिद्धीबरोबर शत्रूही वाढले. ऑक्टोबर १९२०मध्ये म्युनिकला व्याख्यानानंतर गुंडांनी त्यांना इतके मारले की ते मेले असे समजून टाकून दिले गेले. काही वृत्तपत्रांनी मृत्यूची बातमीही छापली आणि बरे होताना हिर्शफेल्ड यांनी स्वतःवरचे मृत्युलेख वाचले. तरी काम चालू राहिले. १६ ऑक्टोबर १९२९ला संसदेच्या फौजदारी कायदा समितीने प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळण्याच्या बाजूने १५ विरुद्ध १३ असा कौल दिला. बत्तीस वर्षांच्या खटपटीनंतर दोन मतांचा विजय. पण आठवडाभरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळू लागला, जर्मनीत बेकारी उसळली, सरकारे पडत गेली आणि ते विधेयक पूर्ण सभागृहापुढे आलेच नाही. हिर्शफेल्ड यांचेही सहकाऱ्यांशी बिनसले आणि त्यांनी समितीचे अध्यक्षपद सोडले.

१९३०च्या अखेरीस ते व्याख्यानांसाठी अमेरिकेला गेले. तिथून जपान, चीन, फिलिपिन्स, जावा, श्रीलंका असे करत १९३१मध्ये भारतात आले. शांघायमध्ये त्यांना ली शिउ तोंग हा वैद्यकशास्त्राचा तरुण विद्यार्थी भेटला आणि मग शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर राहिला. भारतात त्यांनी व्याख्याने दिली, माणसे पाहिली, मंदिरे पाहिली. त्या काळात कॅथरिन मेयोच्या पुस्तकाने भारतीयांच्या लैंगिक जीवनाचे जे विद्रूप चित्र जगभर पसरवले होते त्याच्याशी ते सहमत नव्हते, आणि हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याला त्यांची सहानुभूती होती. एखाद्या समाजाच्या लैंगिक चालीरीतींकडे पाहून त्याला खालचा ठरवायचे आणि मग त्याच्यावर राज्य करायचे, ही युक्ती त्यांना एक ज्यू म्हणून आणि एक समलिंगी म्हणूनही ओळखीची असणार.

१९३२च्या वसंतात ते युरोपात पोहोचले, पण मित्रांनी सावध केल्याने जर्मनीत परतले नाहीत. ६ मे १९३३च्या सकाळी शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचे विद्यार्थी बँड वाजवत संस्थेच्या दारात आले. दरवाजे फोडले, चित्रे, फाइली, पुस्तके फेकली. दुपारी नाझींची निमलष्करी तुकडी येऊन उरलेले ट्रकमध्ये भरून घेऊन गेली. चार दिवसांनी, १० मे रोजी, ऑपेरा चौकात त्या हजारो पुस्तकांची इतर पुस्तकांबरोबर होळी झाली. हिर्शफेल्ड यांचा अर्धपुतळा काठीवर मिरवत तिथे नेला गेला. ते स्वतः जर्मनीबाहेर होते. आपल्या आयुष्यभराचे काम जळताना त्यांनी चित्रपटगृहात, बातमीपटात पाहिले. त्या चौकाचे आजचे नाव बेबेल चौक. संसदेत त्यांचा अर्ज मांडणारे तेच ते बेबेल.

पॅरिसमध्ये संस्था पुन्हा उभारायचा प्रयत्न फसला. मग ते फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीस येथे राहायला गेले. १४ मे १९३५ला, सदुसष्टाव्या वाढदिवशी, शुभेच्छांची पत्रे आलेली असताना ते अचानक कोसळले आणि गेले. त्याच वर्षी जूनमध्ये नाझींनी १७५ कलम आणखी कडक केले. त्या राजवटीत या कलमाखाली सुमारे ५० हजार पुरुषांना शिक्षा झाल्या, त्यांतले हजारो गुलाबी त्रिकोण छातीवर लावून छळछावण्यांत गेले. आणि हे वाचून थांबावेसे वाटते: नाझींचा तोच कडक मसुदा पश्चिम जर्मनीने युद्धानंतर १९६९पर्यंत तसाच वापरला आणि जवळजवळ तेवढ्याच लोकांना पुन्हा शिक्षा केल्या. कलम पूर्णपणे गेले १९९४मध्ये. त्याच जर्मनीत १ ऑक्टोबर २०१७पासून समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क मिळाला.

आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने २००९मध्ये ३७७ कलमातून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परत आणले आणि ६ सप्टेंबर २०१८ला घटनापीठाने कायमचे काढले. विवाहाची मागणी मात्र १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात मान्य झाली नाही. तो कायदेमंडळाचा विषय आहे असे न्यायालयाने म्हटले. गुन्हा नाही आणि नातेही नाही, अशी ही मधली अवस्था कायद्याच्या पुस्तकापेक्षा अतिदक्षता विभागाच्या दाराशी जास्त कळते. बेशुद्ध रुग्णाच्या शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर नातेवाईक म्हणून सही कोणाची घ्यायची? वीस वर्षे एका घरात राहिलेल्या जोडीदाराची, की खबर मिळाल्यावर गावाहून निघालेल्या आणि दहा वर्षे न बोललेल्या भावाची? छापील फॉर्मवर नात्याचा रकाना असतो. त्यात मित्र असे लिहिले की वॉर्डातली सिस्टर नाइलाजाने दुसरे कोणी आहे का, असे विचारते. २०२४च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून, जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा मृतदेह जोडीदाराच्या ताब्यात देण्याविषयी सांगितले. मृत्यूनंतरची सोय झाली. जिवंत असतानाच्या सहीचा प्रश्न कायद्याने अजून नीट सोडवलेला नाही, आणि तोवर माझी सहकाऱ्यांना सूचना असते की शुद्धीत असतानाच रुग्णाला विचारून ठेवा, त्याच्या वतीने कोणाशी बोलायचे, आणि ते केसपेपरवर लिहा.

हिर्शफेल्ड यांचे स्वतःचे दोन जोडीदार होते आणि कायद्याच्या दृष्टीने दोघेही त्यांचे कोणी नव्हते. संस्थेचे कागदपत्र सांभाळणारे कार्ल गीझे आणि शांघायहून आलेले ली. मृत्युपत्रात त्यांनी या दोघांना वारस नेमले, काम पुढे न्या या अटीवर. गीझे यांनी १९३८मध्ये झेकोस्लोव्हाकियात, नाझी जवळ येत असताना, जीवन संपवले. ली यांचा पत्ता नंतर अभ्यासकांना लागला नाही. ते झुरिक, अमेरिका, हाँगकाँग असे फिरत शेवटी कॅनडात व्हँकुव्हरला स्थायिक झाले होते आणि १९९३मध्ये तिथेच वारले. त्यांच्या मृत्यूनंतर इमारतीतल्या एका रहिवाशाला कचऱ्यात टाकलेली एक जुनी सूटकेस दिसली आणि त्याने ती उचलून आणली. काही वर्षांनी बर्लिनच्या अभ्यासकांना तिचा सुगावा लागला. आत हिर्शफेल्ड यांच्या वह्या आणि छायाचित्रे होती, ली यांच्या हस्ताक्षरातली टिपणे होती आणि नीसमध्ये मृत्यूनंतर घेतलेला डॉक्टरांच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा ठसा होता. खंडामागून खंड बदलत ली यांनी तो अठ्ठावन्न वर्षे जपला होता.